पानफुटी आणि बर्फी

"बाबा, हे झाड इथे नाही ठेवता येणार," असं म्हणून सौमित्ररावांनी फोन माझ्या नाकापुढे धरला.

मी चष्मा लावलाच नाही. चष्म्याशिवाय मला फोनवरचं अक्षर दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि मी मुद्दाम लावत नाही हेही ठाऊक आहे. हॉलच्या मोठ्या खिडकीत माझी पानफुटीची कुंडी होती आणि खिडकीखाली उन्हाच्या पट्ट्यात त्यांची कुत्री तंगड्या पसरून घोरत होती.

"का? काय केलं झाडाने?"

"केलं काही नाही. पण हे टॉक्सिक आहे. डॉग्जसाठी. काल हळदीकुंकवाला ती दीपा आली होती ना, तिने विचारलं म्हणून मी चेक केलं. हे बघा, आधी व्हॉमिटिंग, मग हार्टवर इफेक्ट. जेड, कोरफड, हे तुमचं, सगळी नावं आहेत."

"अहो, आश्लेषाची आई याचं पान रोज सकाळी खायची. उपाशीपोटी, मीठ लावून. अख्ख्या गल्लीला मुतखड्यावर हेच द्यायची. कोण मेलं?"

"आई माणूस होत्या, बाबा."

आता याला काय म्हणायचं? माझी बायको माणूस होती, हे मला हा पार्ल्याचा मुलगा सांगणार! तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलू कसा? समोर जावई उभा. लग्नात मी ज्याचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं, त्याला शिवी कशी द्यायची? आमच्याकडे जावयाला अरे-तुरे करत नाहीत. तो वयाने कितीही लहान असू दे, 'अहो' म्हणजे 'अहो'. आणि वर त्याच्याच घरात राहून त्याचंच अन्न खायचं म्हटल्यावर तर तोंडाला कुलूपच.

म्हणून मी कुत्रीकडे वळलो.

"काय गं ए भवाने, ऐकलंस का? तुझ्यापायी झाडं हलवायला लागलेत या घरात. राज्य आहे बाई तुझं! उद्या म्हाताऱ्याचा वास सोसत नाही म्हणालीस तर म्हाताराही जाईल डेकवर, बर्फात."

कुत्रीने एक डोळा उघडला, शेपूट जमिनीवर आपटलं आणि परत झोपली. सौमित्रराव मात्र कानापर्यंत लाल झाले. माझं बोलणं कुणासाठी होतं ते त्यांना बरोबर पोचलं होतं.

कुत्रीचं नाव बर्फी. सोनेरी केसांची, वासराएवढी. मिरजेत आम्ही बर्फी दिवाळीला खायचो. इथे बर्फीची घाण प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, वर गाठ मारून हातात मिरवत घरी आणतात. तिला वाढदिवस आहे, विमा आहे, दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ ठणकत होती तेव्हा मला दवाखान्यात म्हणाले, नवीन पेशंटला पुढच्या महिन्यातली तारीख मिळेल.

मी गुरुनाथ म्हैसाळकर. मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. द्राक्षांच्या पेट्या, माशांच्या टोपल्या, सतारींची लांबलचक खोकी, एवढंच माझं जग. भांडणं मात्र पोटभर केली. हमालांशी, व्यापाऱ्यांशी, स्टेशनमास्तरांशी. घरी आलो की मीनाक्षी म्हणायची, "ओरडून झालं असेल तर हातपाय धुवा." ती गेली आणि घर खायला उठलं. आश्लेषा म्हणाली, बाबा, इकडे या, कायमचे. फ्लॅट विकला. भांडी शेजारी वाटली, कुंड्या वॉचमनला दिल्या. पानफुटीचं एक पान तेवढं तोडून घेतलं, पंचांगात दाबलं आणि बॉस्टनच्या विमानतळावर उतरलो. झाडं, बिया, फळं काही आणलंय का, असं तिथल्या साहेबाने विचारलं. "नो सर," म्हटलं. सरकारी माणसाशी आयुष्यात तेवढं एक खोटं बोललो असेन.

श्रूजबरीच्या या घरी आल्यावर पंचांग उघडलं, तर पानाच्या कडेला इवले इवले कोंब आणि दोऱ्यासारख्या पांढऱ्या मुळ्या. माती नाही, पाणी नाही, आणि पठ्ठं आश्विन महिन्याच्या कागदावर रुजून बसलं होतं. मीनाक्षी गेल्यावर मी रडलो नव्हतो, तो त्या दिवशी पलंगावर बसून ढसाढसा रडलो. तेच हे झाड. दोन उन्हाळ्यांत कमरेएवढं झालं होतं.

संध्याकाळी आश्लेषा वूस्टरच्या लॅबमधून आली. बूट काढायच्या आत आम्ही दोघांनी तिला दोन बाजूंनी गाठलं.

"आशू, मी आईंचं झाड फेका असं नाही म्हणत," सौमित्रराव म्हणाले. "फक्त बर्फी पोचेल तिथे नको. इट्स अ सेफ्टी इश्यू, यार."

"हे बघ आश्लेषा, तुझ्या आईचा मुतखडा या झाडाने—"

"बाबा, आईचा खडा पडला आणि आई हार्टने गेली. प्लीज! मी सकाळपासून उभी आहे. झाड तुमच्या खोलीत न्या आणि दार बंद ठेवत जा. विषय संपला. डन?"

"डन," मी म्हटलं. इंग्रजीत हो म्हटलं की ते मनापासून म्हणावं लागत नाही.

माझी खोली उत्तरेला. तिथे ऊन म्हणून येत नाही. झाड आठवड्याभरात मान लांब करून काचेकडे झुकायला लागलं. तेवढ्यात सौमित्ररावांनी दुकानातून चहाच्या कपाएवढी एक कुंडी आणली आणि हॉलच्या खिडकीत, माझ्या झाडाच्या जागी ठेवली. आत टोकदार पानांचं काहीतरी हिरवं होतं, जाड जाड, पांढऱ्या रेघांचं. वर चिठ्ठी खोचलेली: 'पेट सेफ'.

"बाबा, हेपण सक्युलंटच आहे. हॉवर्थिया. बर्फीने खाल्लं तरी काही होत नाही. तुमच्यासाठी आणलं," ते म्हणाले.

त्यांना वाटलं असेल, म्हातारा खूश होईल. मला तर अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी बर्फीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बर्फे, तुझे बाबा फार दयाळू हो. एक गेलं की त्याच जातीचं दुसरं आणून देतात. बायकोसुद्धा आणून देतील बघ एखादी, चिठ्ठी खोचून."

सौमित्रराव वर निघून गेले. जिन्यावर पाय आपटल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पण ते काही कमी नाहीत. दोन-चार दिवसांत त्यांनीही ही विद्या शिकून घेतली. मी ज्वारीची भाकरी भाजायला घेतली की छतावरची धुराची घंटा बोंबलायला लागते. ते वरून खाली येत, टॉवेल हलवून ती घंटा बंद करत आणि कुत्रीला म्हणत, "बर्फी, आजोबांना सांग, एक्झॉस्ट फॅन नावाची वस्तू असते."

आजोबा! मी कुत्रीचा आजोबा!

"बर्फे, तुझ्या बाबांना सांग, धूर झाल्याशिवाय भाकरी फुगत नसते. पार्ल्यात पाव खातात, त्यांना काय कळणार."

"बर्फी, आजोबांना विचार, खोलीचं दार काल परत उघडं का होतं?"

"सांग गं, म्हातारपणी रात्री चार वेळा उठावं लागतं. तू मोठी झालीस की कळेल म्हणावं."

बर्फी बिचारी एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. दिवसभर आपलं नाव ऐकून तिला वाटायचं, आपले लाडच चाललेत. शेपूट हलवून हलवून दमायची. आश्लेषा एकदा जेवताना ताटावरून उठली. "तुम्ही दोघं तिला वेड लावाल," म्हणाली, आणि ताट घेऊन बेडरूममध्ये गेली. त्यावर आम्ही दोघंही कुत्रीकडेच बघत बसलो.

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. पार्सल ऑफिसात व्यापारी यायचा, तणतणत म्हणायचा, माझा माल फुटलाय, भरपाई द्या. मी वाद घालत नसे. सगळ्यांदेखत पेटी उघडायची, माल काढून टेबलावर मांडायचा. अख्खा माल बघितला की व्यापाऱ्याची बोलती बंद. म्हटलं, इथेही तेच करावं. आठवडाभर कुत्रीला रोज एक पान खायला घालायचं. आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर सांगायचं, ही बघा सौमित्रराव तुमची कुत्री, ठणठणीत, आणि ते तुमचं इंटरनेट घाला चुलीत. कुंडी परत हॉलच्या खिडकीत.

मारायचं माझ्या मनात नव्हतं. जे मीनाक्षी खायची, मी खायचो, आश्लेषा लहान असताना तिच्या जिभेवर ठेवायचो, त्याने कुत्रं मरेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माणसाला पचतं ते कुत्र्याला पचत नाही? गल्लीतली कुत्री काय काय खाऊन जगतात!

सोमवारी सकाळी सौमित्रराव वर कॉलवर होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दिवस चढेल तसं पाणचट आणि संध्याकाळी कडू. म्हणून मीनाक्षी उजाडताच खायची. मीही सकाळचंच पान तोडलं, भाकरीच्या तुकड्यात गुंडाळलं, वर तूप. बर्फीला भाकरीबाहेर डोकावणारं पान दाखवलं, "बस" म्हटलं. ती बसली. एका घासात गिळलं. दिवसभर मी तिच्या मागे मागे होतो, तिचा श्वास बघत. काही नाही. दुपारी बर्फात लोळून आली.

मंगळवारी परत एक. बुधवारी तर मी उठायच्या आधी ती माझ्या दाराबाहेर येऊन बसलेली. मी दार उघडलं, हातात पान दिसलं, तशी ताठ बसली, तोंडातून लाळ गळतेय, डोळे माझ्यावर. मी तिला खोलीत घेतलं. या घरात माझी वाट बघत कोणी बसलंय, असं त्याआधी झालं नव्हतं. मी तिच्याशी बोललो, जावयाला टोमणे मारायला नव्हे, असंच. मीनाक्षी पानाला मीठ कसं लावायची ते सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर सौमित्रराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी. दाराला बाहेरून कडी बसवत होते.

"हे काय?" या वेळी मी थेट विचारलं.

"काल परत उघडं होतं. बर्फी आत होती, बाबा. मी पाहिलं. तुम्ही आत असताना मी लावणार नाही, प्रॉमिस. तुम्ही बाहेर असलात की फक्त."

बाहेरून कडी! कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी. विचारणं नाही, सांगणं नाही. एक शब्द तोंडातून निघाला असता तर त्याच्या मागून काय काय निघालं असतं कोण जाणे, म्हणून मी गप्प बसलो. ते कडी बसवून, नीट सरकते ना ते पाहून, वर कॉलला गेले.

मी झाडाची पानं ओरबाडली. एक नव्हे, मूठभर. म्हटलं, रविवारची वाट कशाला बघायची, आजच निकाल लागू दे. अख्खी भाकरी कुस्करली, त्यात पानं चिरून घातली, वरून तूप ओतलं. बर्फीने ताटली चाटून पुसून लख्ख केली.

बारा-एकच्या सुमाराला सौमित्रराव जेवायला खाली आले आणि त्यांच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"बर्फी? बर्फी, काय झालं बेबी? बाबा! बाबा, बाहेर या!"

ती सोफ्याच्या आड पडली होती. तोंडाला फेस, लाळेचं थारोळं. मला पाहून उठायला गेली, तर मागचे पाय लटपटले आणि ती पुन्हा खाली बसली. शेपूट तेवढं हललं. सौमित्ररावांनी तिच्या छातीवर हात ठेवला. "हार्टबीट बघा, कसेही पडतायत. उचला, बाबा, मला एकट्याला नाही उचलता येणार. आधी गाडीचं दार उघडा!"

"जोडे घालून आलोच," म्हणून मी खोलीत धावलो. जोडे खरं तर बाहेरच्या दाराशीच होते. मी कुंडीपाशी गेलो, एक पान तोडलं आणि खिशात टाकलं. काय करणार होतो त्याचं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. पण तोडलं.

सौमित्रराव रूट नाइनवर गाडी पळवत होते. मी मागे, बर्फीचं डोकं माझ्या मांडीवर. फोन स्पीकरवर होता आणि जनावरांच्या इस्पितळातली बाई विचारत होती, हिने काय खाल्लं. सौमित्रराव इंग्रजीत सांगत होते की काल नवीन ट्रीटचं पाकीट आणलं, लेबल नीट वाचलं नाही, त्यात ती साखर नसलेली साखर असेल, कुत्र्यांना चालत नाही ती. फोन ठेवून ते स्वतःशीच बडबडायला लागले. "माझंच चुकलं. मी मूर्ख आहे. झाडाच्या मागे लागलो आणि स्वतः काय आणलं ते बघितलं नाही. सॉरी, बर्फी. सॉरी, बेटा."

बोललो तर घर गेलं. परत जायचं म्हटलं तर कुठे? फ्लॅटमध्ये आता कुणा दुसऱ्याची भांडी. आणि नाही बोललो तर ते डॉक्टर साखर शोधत बसणार आणि ही जाणार. बर्फी माझा हात चाटत होती. सकाळच्या तुपाचा वास होता त्याला. चाटता चाटता मधेच जीभ थांबायची, डोळे फिरायचे, पुन्हा चाटायला लागायची. माझी पँट तिच्या लाळेने भिजली होती. मला लाज वाटली. जन्मात कधी एवढी वाटली नव्हती.

इस्पितळात दोघा मुलांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. एक तरुण डॉक्टरीण आली. सौमित्ररावांनी ट्रीटचं पाकीट तिच्या हातात दिलं. ती पाकीट वाचत वळणार, एवढ्यात मी मधे उभा राहिलो.

"मॅडम. नॉट दॅट." खिशातून पान काढलं. "आय गेव्ह. धिस लीफ. विथ माय हँड."

सौमित्रराव माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हाऊ मच, सर?" तिने विचारलं.

मी मूठ करून दाखवली. "टुडे मॉर्निंग. बिफोर दॅट, डेली वन."

तिने पान उलटसुलट केलं, फोटो काढला, कुणाला तरी हाका मारत आत धावली. हार्ट मॉनिटर, चारकोल, असे शब्द कानावर पडले. जाता जाता ती मला "थँक यू, सर" म्हणाली. त्या दिवशी मला कुणी म्हटलेला तेवढाच एक बरा शब्द.

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मी एका टोकाला, ते दुसऱ्या. बोलायला आता मधे कुत्रीही नव्हती. ते म्हणाले, "मुद्दाम?"

"मारायला नाही. दाखवायला."

"काय दाखवायला?"

"तुम्ही चुकलात ते."

ते हसले. तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं, ऐकायचंही नाही पुन्हा. "मग मला बोलायचं ना! शिव्या घालायच्या. थोबाडीत मारायची माझ्या. ती काय करणार होती तुमचं? तुम्ही दिलंत म्हणून तिने खाल्लं. दुसऱ्या कुणाच्या हातून ती हिरवं पान तोंडातसुद्धा धरत नाही."

"तुम्ही जावई. तुम्हाला कसं बोलणार?"

"कुणी सांगितलं हे तुम्हाला? मी बाबा म्हणतो तुम्हाला. माझे बाबा तोंडावर भांडायचे माझ्याशी. रोज. ते गेल्यापासून कोणी भांडलेलं नाही." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही मला अहो-जाहो करून मारलंत. आणि तिला तूप लावून."

मी मान खाली घातली.

आश्लेषा लॅबचा कोट अंगावर असतानाच आली. सौमित्ररावांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ओरडेल. ती हळू आवाजात बोलली.

"आजच्या आज परत पाठवलं असतं तुम्हाला. पण पाठवू कुठे, बाबा? घर तर विकून बसलात."

माझ्याच मुलीने मला त्या घरात का ठेवून घेतलं, ते मला त्या दिवशी कळलं.

बर्फी वाचली. पान ओळखलं म्हणून वाचली, असं डॉक्टरणीने फोनवर सांगितलं. हृदयाचे ठोके फार बिघडले होते. ती तिकडे सलाइनवर असताना इकडे आश्लेषाने रबरी हातमोजे घातले आणि माझ्या खोलीत आली.

"मी करतो," म्हटलं.

"तुम्ही हात लावू नका."

तिने झाड मुळासकट उपटलं, पानं तोडून तोडून काळ्या पिशवीत भरली. एक पान हातात धरून थांबली. मला वाटलं, ठेवून घेतेय. तिच्या आईचं झाड होतं ते. ते पानही तिने आत टाकलं, पिशवीवर दुसरी पिशवी चढवली आणि बर्फीच्या घाणीच्या पिशवीला मारतात तशी गाठ मारली. कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी खिडकीत उभा होतो. गाडीचा लोखंडी हात बाहेर आला, डबा उचलला, उलटा केला आणि गाडी पुढच्या घरासमोर जाऊन थांबली.

आता स्वयंपाकघरात कॅमेरा आहे. बर्फीवर लक्ष ठेवायला, असं ते म्हणाले. मी भाकरी भाजायचं सोडलं. कॅमेऱ्यासमोर हात चालत नाही. हॉलच्या खिडकीत ते 'पेट सेफ' आहे. बर्फी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. दाराची कडी सौमित्ररावांनी काढून टाकली, कारण आत जपायचं काही उरलं नाही. स्क्रूची भोकं तेवढी राहिली आहेत. आणि आता ते माझ्याशी थेट बोलतात. "जेवण झालंय." "बाहेर चाललोय." मागे 'बाबा' लावत नाहीत. माझंही कुत्रीमार्फत बोलणं संपलं. दोन वेळा तोंड उघडलं, सौमित्र म्हणावं, चुकलो रे म्हणावं म्हणून. जमलं नाही. 'अहो' आडवं येतं.

काल दिवेलागणीच्या वेळी मी पलंगावर बसलो होतो. नाकाने दार ढकलून बर्फी आत आली. पुढच्या एका पायावरचे केस कापलेले, तिथे सुई होती. मी तिला बोलावलं नव्हतं. ती सरळ पलंगाच्या कोपऱ्याशी गेली आणि भिंतीलगतच्या हीटरच्या पत्र्यामागे नाक खुपसून हुंगायला लागली. पंजाने काहीतरी ओढलं.

मी गुडघ्यांवर पडलो आणि तिच्या तोंडासमोरून ते हिसकावून घेतलं.

पानफुटीचं पान होतं. त्या गुरुवारी ओरबाडताना मागे पडलं असणार. धुळीने माखलेलं, हीटरच्या धगीने कडेला सुकलेलं. आणि कडेच्या खाचांतून इवले इवले कोंब. दोऱ्यासारख्या पांढऱ्या मुळ्या.

पंचांग टेबलावरच होतं. दाबून ठेवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. उन्हाळ्यात डेकच्या मागे कुठेतरी मातीत खोचलं असतं. याला काय, काहीही चालतं.

वर पाहिलं, तर बर्फी माझ्यासमोर ताठ बसलेली. मी शिकवलं होतं तशी. पान हातात दिसलं की बसायचं. तोंडातून लाळ गळत होती आणि शेपूट जमिनीवर सावकाश आपटत होतं. तिला भाकरी हवी होती, तूप हवं होतं. ती कसलीच शंका न घेता माझ्याकडे बघत होती.

मी पान सदऱ्याला पुसलं आणि कोंबांसकट, मुळ्यांसकट तोंडात घातलं. कडू होतं. संध्याकाळचं ते कडूच असतं. नीट चावलं, सगळं गिळलं. दातात अडकलेला तुकडाही जिभेने काढून गिळला.

बर्फी अजून बसूनच होती. मी तिला दोन्ही हात उघडून दाखवले.